समुद्राचा खरीप आणि रब्बी

१ जून उजाडला की पालघरपासून वेंगुर्ल्यापर्यंतची बंदरं गप्प होतात. नौका खाडीत ओळीनं बांधलेल्या, त्यांच्यावर प्लॅस्टिकचे कागद ताणलेले. कोळीवाड्यातल्या ओट्यांवर जाळी पसरलेली आणि तुटलेले आस सांधत बसलेली माणसं. पश्चिम किनाऱ्यावर ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. का, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात. दर्या खवळलेला असतो, आणि मासळी गाभोळीनं भरलेली असते. दोन्ही खरी आहेत. पण याच दिवसांत पाण्याखाली आणखी एक काम चाललेलं असतं, आणि पुढच्या हंगामात जाळ्यात काय येणार हे बरंचसं त्यावर ठरतं. घाटावर शेतकरी खरिपाची पेरणी करत असतो तेव्हा अरबी समुद्रातही पेरणी चाललेली असते. तिथला नांगर वाऱ्याचा आहे.

आपण समुद्राला रत्नाकर म्हणतो. या शब्दात एक कोठार आहे: दार उघडावं, हवं ते काढावं, उरलेलं उद्यासाठी आहेच. समुद्राचा आवाका पाहिला तर तसं वाटणं साहजिक आहे. पृथ्वीचा ७१ टक्के पृष्ठभाग पाण्याखाली आहे आणि पृथ्वीवरच्या एकूण पाण्यापैकी सुमारे ९७ टक्के समुद्रात आहे. महासागरांची सरासरी खोली ३,७०० मीटरच्या आसपास. दोन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी वरचा माथा पाण्याबाहेर यायचा नाही. एवढ्या अफाट साठ्याला संपण्याची भीती कसली, हा विचार शेकडो वर्षं माणसाच्या मनात घर करून आहे. माझ्या मते समुद्राविषयीचे आपले बहुतेक चुकीचे निर्णय या कोठाराच्या कल्पनेतून निघाले आहेत. समुद्र कोठार नाही, शेत आहे. आणि त्या शेतातली बहुतेक जमीन पडीक आहे.

पडीक का, ते समजून घ्यायला हवं. जमिनीवर गवत जे काम करतं ते समुद्रात डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय वनस्पती करतात. त्यांना वनस्पती-प्लवक म्हणतात. सूर्यप्रकाश घेऊन त्या अन्न तयार करतात, त्यांना बारीक जीव खातात, त्या जिवांना तारली आणि बांगडा, आणि त्यांना सुरमई. सगळी साखळी या हिरव्या ठिपक्यांपासून सुरू होते. त्यांना दोन गोष्टी लागतात, ऊन आणि खत. ऊन वरच्या शे-दोनशे मीटरपर्यंतच पोचतं. खत, म्हणजे नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, साठलेलं असतं त्याच्याही खाली. वरच्या थरातलं जे काही मरतं, जी काही विष्ठा पडते, ती हळूहळू खोल जाते, तिथे कुजते आणि तिचं खत होतं. पण ते वर येणार कसं? उन्हानं तापलेलं पाणी हलकं असतं, ते दुधावरच्या सायीसारखं वर राहतं. खालचं गार पाणी जड. दोन थर सहजासहजी मिसळत नाहीत. म्हणून वर ऊन आहे पण खत नाही, खाली खत आहे पण ऊन नाही, अशी जगातल्या बहुतेक महासागरांची अवस्था असते.

पर्यटक मालदीवहून परततात आणि मुंबईच्या समुद्राला नावं ठेवतात: केवढा गढूळ, केवढा मातकट! खोल महासागरातलं निळंशार पाणी दिसायला सुंदर असतं, कारण त्यात जवळजवळ काही उगवलेलं नसतं. निळा हा समुद्राच्या वाळवंटाचा रंग आहे. आपल्या किनाऱ्याच्या पाण्याला नद्यांच्या गाळाचा रंग आहे, मुंबईजवळ शहराच्या सांडपाण्याचाही आहे, पण त्यात प्लवकांचा हिरवा-तपकिरी रंगही मिसळलेला आहे. तो जगण्याचा रंग आहे.

इथे एक गैरसमज दूर करावासा वाटतो. आपला दर दुसरा श्वास समुद्राच्या कृपेनं मिळतो, असं वाक्य भाषणांत आणि भित्तिपत्रकांवर सर्रास आढळतं. पृथ्वीवर होणाऱ्या प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं समुद्रात होतं, हे खरं. पण त्यातून सुटणारा प्राणवायू जवळजवळ सगळा समुद्रातलेच जीव वापरून टाकतात. हवेतला प्राणवायूचा साठा कोट्यवधी वर्षांत जमलेला आहे. प्लवकांचं महत्त्व सांगायला या अर्धवट खऱ्या वाक्याची गरज नाही. ते समुद्राचं गवत आहेत, एवढं पुरे आहे.

आता अरबी समुद्राकडे येऊ. क्षेत्रफळ सुमारे ३८ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारतापेक्षा थोडं जास्त. अटलांटिक आणि प्रशांत महासागर उत्तरेकडे ध्रुवीय प्रदेशापर्यंत पसरलेले आहेत. हिंदी महासागराला मात्र उत्तरेला आशिया खंडाची भिंत आहे. ही भिंत उन्हाळ्यात तापते, हिवाळ्यात गार होते, आणि तिच्यामुळे वारा वर्षातून दोनदा दिशा बदलतो. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही समुद्रावर एवढ्या जोरानं, एवढ्या नेमानं वारा उलटा फिरत नाही. जूनमध्ये नैऋत्य वारा विषुववृत्त ओलांडून सोमालियाच्या किनाऱ्यालगत येतो आणि तिथून एखाद्या नदीच्या लोंढ्यासारखा अरबी समुद्रावरून भारताकडे धावतो. जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर तो सर्वांत वेगवान असतो. जे. फिंडलेटर या ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञानं १९६९ मध्ये त्याचं व्यवस्थित वर्णन केलं, म्हणून त्याला फिंडलेटर झोत म्हणतात. आपला पाऊस आणणारा वारा तो हाच.

हा वारा सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो. वाऱ्याबरोबर पाणी सरळ पुढे जाईल असं आपल्याला वाटतं, पण पृथ्वी फिरत असल्यामुळे उत्तर गोलार्धात वाहत्या पाण्याला उजवीकडे ओढ बसते. सोमालिया-ओमानच्या बाबतीत उजवीकडे म्हणजे किनाऱ्यापासून दूर, भर समुद्राकडे. वरचं पाणी असं बाजूला सरलं की त्याची जागा भरायला खालचं गार, खतानं भरलेलं पाणी वर येतं. नांगराच्या फाळानं खालची माती वर यावी, तसं. काही दिवसांत तिथला समुद्र हिरवा होतो, आणि उपग्रहाच्या चित्रांतही तो हिरवेपणा दिसतो.

ओमानच्या दक्षिणेला दोफार प्रांतात सलाला नावाचं शहर आहे. आखाती देशांत अंगाची लाही होत असते त्या जुलै-ऑगस्टमध्ये तिथे धुकं असतं, रिमझिम असते, डोंगर हिरवेगार असतात. समुद्राच्या पोटातून वर आलेल्या गार पाण्यावरून मोसमी वारा जातो आणि त्यातली वाफ धुकं होऊन डोंगरांना बिलगते. तिथले लोक या मोसमाला ‘खरीफ’ म्हणतात. खरीफ म्हणजे शरद ऋतू. आपल्या सातबाऱ्यावरचा खरीप हाच शब्द आहे, आणि रब्बीही अरबीच, वसंत ऋतूचा. एकाच वाऱ्यानं त्या काठाला समुद्र पिकतो आणि या काठाला भात, आणि दोन्हीकडे त्या हंगामाचं नाव एक. मला ही गोष्ट फार आवडते.

आपल्या बाजूला हे काम थोडं वेगळ्या रीतीनं होतं. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं पाणी उतारावरून वर चढू लागतं. सुरुवात केरळपासून होते आणि ते हळूहळू उत्तरेकडे सरकतं. कर्नाटक, गोवा, कोकण या पट्ट्यात मात्र त्याच्यावर झाकण पडतं. सह्याद्रीवरचा धो-धो पाऊस नद्यांतून समुद्रात येतो आणि गोड्या, हलक्या पाण्याचा पाच-दहा मीटरचा थर वर पसरतो. खालचं सुपीक पाणी या पातळ झाकणाखाली अडकून राहतं. या झाकणाकडे पुन्हा यायचं आहे.

हा झाला खरीप. रब्बीचा शोध तुलनेनं अलीकडचा. हिवाळ्यात ईशान्येकडून कोरडा, गार वारा येतो. तो मंद असतो, त्याच्यानं एवढं पाणी ढवळलं जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. तरीही डिसेंबर ते फेब्रुवारीत गुजरातच्या बाहेरचा समुद्र हिरवा असायचा. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १ जानेवारी १९६६ ला स्थापन झालेली. तिथले एम. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘नेचर’मध्ये याचा उलगडा केला. कोरड्या वाऱ्यानं बाष्पीभवन वाढतं, वरचं पाणी गार आणि जास्त खारट होतं, म्हणून जड होतं आणि बुडतं. ते बुडताना खालचं पाणी वर येतं, आणि वरचा सुमारे शंभर मीटरचा थर ढवळून निघतो. खरिपात नांगर वाऱ्याचा, रब्बीत थंडीचा. वर्षाला दोन पिकं देणारा असा समुद्र जगात विरळा.

पिकाचा माल आपल्या ताटात येतो तेव्हा त्याच्यामागचं हे सगळं दिसत नाही. सिंधुदुर्गात आणि गोव्यात रापण ओढतात. होडीनं अर्धगोलाकार जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं किनाऱ्यावरून गावानं मिळून ओढायची. रापणीला लागणारा बांगडा आणि तारली हे थेट प्लवकांवर आणि त्यांना खाणाऱ्या बारीक जिवांवर पोसलेले मासे आहेत. म्हणून त्यांचं प्रमाण वर्षागणिक कमालीचं बदलतं. एका वर्षी तारलीला गिऱ्हाईक नाही, तर एखाद्या वर्षी ती औषधालाही नाही. पेरणी साधली की फसली त्याचा तो हिशेब असतो.

उत्तरेला गेलं की रापण मागे पडते आणि डोल दिसू लागते. डोल म्हणजे शंकूच्या आकाराची प्रचंड लांब पिशवी. समुद्रात रोवलेल्या खुंटांना तिचं तोंड प्रवाहाकडे करून बांधायचं आणि भरती-ओहोटीच्या पाण्याला काम करू द्यायचं. ती याच भागात का, याचं उत्तर भूगोलात आहे. खंबातच्या आखाताकडे जावं तशी भरती-ओहोटीतली तफावत वाढत जाते. गोव्यात ती दोन मीटरच्या आसपास असते, मुंबईत उधाणाला पाच मीटरच्या जवळ जाते, आखाताच्या टोकाला दहा मीटरच्या घरात. जिथे पाणी एवढं धावतं तिथे जाळ्यानं माशामागे धावायची गरज नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला डोल भरते, अष्टमीच्या आसपास भांगाला रिकामी राहते. कोळ्याची दिनदर्शिका चंद्राची आहे ती यामुळे.

या डोलीचा राजा बोंबील. भारतातले बोंबील मुख्यतः दोन ठिकाणी एकवटले आहेत: एक सौराष्ट्र ते उत्तर महाराष्ट्र हा पट्टा आणि दुसरं बंगालच्या उपसागराचं टोक. मध्ये शेकडो मैल तो फारसा दिसत नाही. मोठ्या नद्यांचा गाळ, धावतं पाणी आणि जवळ्यासारख्या बारीक जिवांची रेलचेल त्याला मानवते. त्याच्या अंगात बहुतेक पाणीच असतं, म्हणून तो टिकत नाही, आणि म्हणूनच तो वाळवायची कला जन्मली. बांबूच्या वलांड्यांवर जोडीजोडीनं जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील हे वसई-उत्तनपासून अलिबागपर्यंतचं जुनं दृश्य आहे. सुका बोंबील, सुकट, जवळा घाट चढून नाशिक, नगर, पार मराठवाड्याच्या आठवडी बाजारापर्यंत जातात. ज्यानं समुद्र कधी पाहिला नाही अशा शेतमजुराच्या भाकरीबरोबर चिमूटभर समुद्र असतो. भारताच्या किनाऱ्यांवर वर्षाला सुमारे ३५ लाख टन मासळी उतरते. गरिबाला परवडणारी प्रथिनं म्हणून तिचा विचार आपल्याकडे फार कमी होतो.

आता काळी बाजू. शेतात फार माजलं की कुजतंही फार. अरबी समुद्रात एवढं उगवतं, ते मरून खाली जातं, आणि ते कुजताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपत जातो. वरून ताजी हवा पोचत नाही, आणि उत्तरेला जमीन असल्यानं तिकडून गार, ताजं पाणीही येत नाही. १९३३-३४ मध्ये ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून जॉन मरे मोहीम अरबी समुद्रात आली. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक सेमूर सेवेल तिचे प्रमुख होते. ओमानजवळच्या समुद्रउतारावर त्यांनी तळ खरवडून पाहिला तर मोठ्या पट्ट्यात जीवच नव्हते. आज आपल्याला माहीत आहे की साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्याही खालपर्यंत अरबी समुद्राच्या मोठ्या भागात प्राणवायू जवळजवळ नाही. जगातल्या सर्वांत जाड गुदमरलेल्या थरांपैकी हा एक आहे.

प्राणवायू संपला की तिथले जिवाणू नायट्रेट वापरून श्वसन करतात. नायट्रेट म्हणजे खत. त्याचा नायट्रोजन वायू होऊन हवेत निघून जातो, काही भाग नायट्रस ऑक्साइड होतो. हा वायू उष्णता अडवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशे पटींहून अधिक तेज आहे. गोव्यातल्या त्याच संस्थेतल्या एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं की पावसाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रातही तळाचं पाणी गुदमरतं आणि त्यातून हा वायू मोठ्या प्रमाणावर निघतो. इथे ते गोड्या पाण्याचं झाकण आठवावं: त्याच्याखाली अडकलेल्या पाण्याला हवा लागत नाही. हा गुदमर वाढतो आहे, आणि जमिनीवरून वाहून येणारं नायट्रेट त्याचं कारण असू शकतं, असं त्यांनी मांडलं. म्हणजे उसाला टाकलेला युरिया ओढ्यातून, नदीतून तिथवर पोचतो.

युरियाचा विषय निघाला की मला फ्रिट्झ हाबर आठवतो. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याची रीत शोधल्याबद्दल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९१८ चं नोबेल मिळालं. आजचं जवळजवळ सगळं नत्रखत त्या शोधातून आलं आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीवर प्रचंड भरपाईचा बोजा पडला आणि देशभक्त हाबरनं ठरवलं की समुद्राच्या पाण्यातून सोनं काढून तो फेडायचा. सोनं पाण्यात खरोखरच विरघळलेलं असतं. पूर्वीच्या मोजण्यांनुसार एका टनात काही मिलिग्रॅम असावं असं त्याला वाटत होतं. जहाजांवर प्रयोगशाळा थाटून, समुद्रोसमुद्रीचे नमुने तपासून वर्षानुवर्षांनी त्याला कळलं की प्रमाण त्याच्या हजारावा भागही नाही. काढायचा खर्च सोन्याच्या किमतीहून कित्येक पट. अखेर त्यानं नाद सोडला. ज्या माणसानं शेतांना नायट्रोजन दिला तो समुद्रात सोनं शोधत राहिला, आणि समुद्राचं खरं धन होतं खालून वर येणारा नायट्रोजन.

समुद्राच्या पाण्यातून सहज निघतं ते मीठ. एका घन किलोमीटर पाण्यात साडेतीन कोटी टन क्षार असतात, आणि उरण-पेणच्या मिठागरांत ऊन आणि वारा ते फुकट वेगळं करून देतात. जगाच्या व्यापारी मालाचा बहुतेक भाग जहाजांतून जातो, खंडाखंडांमधलं जवळपास सगळं इंटरनेट समुद्रतळावरच्या केबलींतून धावतं. पण हा समुद्राच्या पाठीचा आणि तळाचा वापर झाला, त्याचं पीक नव्हे.

तेलाची गोष्ट वेगळी. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर खोल समुद्रात, ‘सागर सम्राट’ या समुद्री छिद्रणयंत्रानं १९७४ मध्ये तेल शोधलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. १९७३ च्या तेलसंकटानं हैराण झालेल्या देशाला ‘बॉम्बे हाय’नं केवढा आधार दिला, ते त्या पिढीतल्या लोकांना विचारावं. आज आपण ज्या गॅसवर स्वयंपाक करतो आणि ज्या वायूपासून अलिबागजवळ थळला खत होतं, त्यात या क्षेत्राचा वाटा आहे. हे तेलही जुनं पीकच: कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या आणि त्याच्या काठच्या दलदलीतल्या जिवांचा गाळात दबलेला अंश. फरक इतकाच की हे पीक पुन्हा उगवायला तेवढीच वर्षं लागतील. आणि ते जाळून निघालेल्या वायूंनी अडवलेली बहुतेक उष्णता परत समुद्रातच गेली. हरितगृह वायूंमुळे पृथ्वीवर साचलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्रानं पोटात घेतली आहे. माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे पाव हिस्साही त्यानंच घेतला. समुद्राच्या सगळ्या उपकारांत हा सर्वांत मोठा, आणि त्याचा बाजारभाव शून्य.

त्या उष्णतेचा परिणाम आपल्या शेतावर झाला आहे. वरची साय जितकी तापेल तितकी ती जाड आणि हट्टी होते, वाऱ्याच्या नांगराला दाद देत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवलं की पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत वनस्पती-प्लवकांमध्ये २० टक्क्यांपर्यंत घट झाली आहे. कारण हेच: पाणी तापलं, थर मिसळेनासे झाले, खत वर येईना. मूळचे गोव्याचे जोकिम गोईस आणि हेल्गा गोम्स यांनी २०१४ मध्ये आणखी एक बदल मांडला. रब्बीच्या हंगामात आता पूर्वीच्या डायटम या सकस प्लवकांच्या जागी नॉक्टिलुका नावाचा जीव माजतो आहे. त्याला प्राणवायू कमी असलेलं पाणी चालतं, आणि त्याला खाणारे मुख्यतः जेलीफिशसारखे प्राणी आहेत, आपण खातो ते मासे नव्हेत. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या उजळल्या की लोक गाड्या करून बघायला जातात. ती निळाई नॉक्टिलुकाची असते. शेतात पिकाऐवजी तण माजलं तर शेतकरी त्याचा सोहळा करत नाही.

तापलेल्या पाण्याचं दुसरं फळ वादळांचं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं, आणि मुंबईसमोरच्या तेलक्षेत्रात पी-३०५ हा तराफा बुडून कित्येक कामगार गेले.

आणि आता तळाची पाळी आहे. १८७३ मध्ये ब्रिटिशांच्या ‘चॅलेंजर’ जहाजानं अटलांटिकच्या तळातून बटाट्यांसारखे काळे गोळे काढले. त्यांत मॅंगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट असतं. २६ जानेवारी १९८१ ला आपल्या ‘गवेषणी’ जहाजानं असे गोळे वर काढले आणि भारताला १९८७ मध्ये या शोधातला अग्रणी गुंतवणूकदार म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. आज मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटरचा पट्टा आपल्या वाट्याला आहे, खोली पाच-सहा हजार मीटर. विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांना कोबाल्ट-निकेल हवं, म्हणून घाई वाढली आहे. पण हे गोळे दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर वाढतात, आणि तळावरच्या कित्येक जिवांना धरायला तेवढीच घट्ट जागा असते. पेरूच्या समोर १९८९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांनी खोल तळावर नांगरासारखं अवजार ओढून पाहिलं. २६ वर्षांनी परत गेले तर तास काल ओढल्यासारखे दिसत होते. वाऱ्याचा नांगर दरवर्षी फिरतो आणि समुद्र हिरवा होतो. हा नांगर एकदाच फिरतो. मला विचाराल तर या बाबतीत भारतानं शोध जरूर घ्यावा, तंत्र शिकावं, पण खोदायला सगळ्यात शेवटी उतरावं.

मासळीच्या बाबतीत मात्र थांबायला वेळ नाही. कॅनडाच्या न्यू फाउंडलंडजवळ कॉड मासा एवढा होता की पाच शतकं युरोप त्यावर जगला. मोठे ट्रॉलर आले, आणि जुलै १९९२ मध्ये सरकारला मासेमारी बंद करावी लागली. एका फटक्यात सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला, आणि तीन दशकांनंतरही कॉड पूर्वीसारखा भरला नाही. आपल्याकडे १९७६ च्या कायद्यानं किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या संपत्तीवर भारताचा हक्क आहे, म्हणजे बाहेरच्या कुणाला दोष द्यायची सोय नाही. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून मालवणपासून पालघरपर्यंत पारंपरिक मच्छीमार किती वर्षं ओरडतो आहे. दिव्याखाली गोळा होणारा थवा मोठा-लहान असा भेद करत नाही, आणि बारीक आसाचं जाळंही करत नाही. शेतकरी कितीही अडचणीत असला तरी बियाण्याचे दाणे दळत नाही. समुद्रात आपण ते रोज दळतो.

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केलं, आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून दिली. त्यापेक्षा लहान मासा पकडणं आणि विकणं बेकायदा आहे. पापलेटसाठी ही लांबी १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर, म्हणजे मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत साधारण. मोजपट्टी न्यायची गरज नाही, हात पुरतो. या नारळी पौर्णिमेनंतर बाजारात गेलात आणि पाटीत तळहाताएवढ्याच पापलेटांचा ढीग दिसला, तर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका, आणि का घेत नाही ते कोळीण मावशींना सांगा. त्यांना ते तुमच्या-आमच्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक असतं, पण गिऱ्हाईक असेपर्यंत नाखवा तो मासा आणतच राहील.